शिसे, चिखल आणि विमान : कोसळण्याचे इंग्रजी शब्द

५ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात डाऊ जोन्स निर्देशांक १,१७५ अंकांनी खाली आला. अंकांत मोजली तर एका दिवसातली ती तोवरची सर्वांत मोठी घसरण. टक्क्यांत मोजली तर ४.६. त्याच्या तीस वर्षे आधी, १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, हाच निर्देशांक ५०८ अंकांनी उतरला होता आणि ती घसरण होती २२.६ टक्क्यांची. दोन्ही वेळी इंग्रजी मथळ्यांत क्रियापद तेच होते : ‘प्लंज’. एका दिवशी शंभरातले साडेचार गेले, दुसऱ्या दिवशी साडेबावीसहून जास्त; शब्द एकच.

शब्दांची टंचाई होती म्हणून असे झाले म्हणावे, तर तसेही नाही. फॉल, ड्रॉप, डिप, स्लिप, स्लाइड, टंबल, स्लम्प, प्लंज, प्लमेट, नोजडाइव्ह, टँक, क्रेटर, क्रॅश, कोलॅप्स, मेल्टडाउन. आर्थिक बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाच्या कानावरून हे शब्द रोज जातात आणि मराठी वर्तमानपत्रांची अर्थपाने बरीचशी यांच्यावरूनच तयार होतात. या शब्दांचा मागोवा घेतला की दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, ते जवळपास सगळे कुठल्या ना कुठल्या कामाच्या जागेवरून आले आहेत आणि त्या जागी त्यांना नेमका अर्थ होता. दुसरी अशी की, पैशाच्या व्यवहारात जे शब्द टिकले त्यांच्यातून माणूस हळूहळू बाहेर पडत गेला. मला ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पण तिच्याकडे पहिल्या गोष्टीतूनच जावे लागते.

सुरुवात शिशापासून करू. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लुंबुम’ म्हणत. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करत, म्हणून त्या कामाचा कारागीर ‘प्लंबर’ झाला. समुद्राची खोली मोजायला खलाशी दोरीला शिशाचा गोळा बांधून तो पाण्यात सोडत; ‘प्लंज’ हे क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आले ते याच कामाचा वास घेऊन. ‘प्लमेट’ म्हणजे त्या दोरीच्या टोकाचा छोटा गोळा. आपल्याकडे गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ज्या ओळंब्याने पाहतो, त्याचा हा भाऊबंद. कित्येक शतके ‘प्लमेट’ ही एक वस्तू होती आणि पुढे खोली मोजण्याची क्रिया. धाडकन खाली येणे हा अर्थ तिला विसाव्या शतकात चिकटला. याच शिशातून फ्रेंचमार्गे ‘अप्लाँब’ हा शब्दही निघाला. त्याचा अर्थ डौल, तोल न ढळणे. ओळंबा लोंबतो तसा सरळ उभा राहणारा माणूस. म्हणजे एकाच धातूने इंग्रजीला कोसळण्याचा शब्द दिला आणि ताठ उभे राहण्याचाही. खलाशाचा गोळा पाण्यात जाई तो तळ कुठे आहे हे कळावे म्हणून, आणि काम झाले की दोरी ओढून तो वर घेतला जाई. आजच्या मथळ्यातल्या ‘प्लमेट’ला ना दोरी आहे, ना तळ सांगण्याची जबाबदारी.

‘प्रेसिपिस’ आणि ‘प्रेसिपिटस’ यांच्या मुळाशी लॅटिन ‘कापुट’ आहे, म्हणजे डोके. डोके पुढे करून खाली जाणे हा त्यांचा मूळ अर्थ. रोममध्ये गुन्हेगारांना तार्पेयन नावाच्या कड्यावरून लोटून देत. रायगडाचे टकमक टोक पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण मराठीत त्या शिक्षेसाठी ‘कडेलोट’ हा शब्दच आहे. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. कडेलोटात लोटणारा असतो. इंग्रजी बातमीतल्या ‘प्रेसिपिटस डिक्लाइन’मध्ये कडा उरला, डोके खाली झाले, लोटणारा दिसेनासा झाला. आकड्यांच्या बातम्यांबाहेर याच मुळाच्या शब्दाचे काम शांतपणे चालू आहे. रसायनशास्त्रात तळाशी बसणारा साका आणि हवामानशास्त्रात आकाशातून पडणारे पाणी, दोन्ही या एकाच कुळातले.

लॅटिनच्या ‘कादेरे’ म्हणजे ‘पडणे’ या धातूची संतती तर फारच मोठी. कॅस्केड, डिके, डेकॅडन्स हे उघड नातेवाईक. पण आपण मराठी बोलताना रोज वापरतो ते ‘केस’, ‘चान्स’ आणि ‘ॲक्सिडेंट’ हे तिन्ही शब्दही तिथलेच, म्हणजे जे अंगावर येऊन पडते ते. ‘कोलॅप्स’चे मूळ वेगळे : ‘लाबी’, घसरणे. ‘विम्याची पॉलिसी लॅप्स झाली’ म्हणतो त्यातला ‘लॅप्स’ हाच. ‘को’ म्हणजे एकत्र. सगळे आधार एकदम सुटणे म्हणजे कोलॅप्स. घराचा वासा निखळला तर ते कोलॅप्स होत नाही. भिंती, वासे, आढे सगळे एकाच वेळी खाली आले तर होते. हा शब्द जपून वापरावा असे मला वाटते ते एवढ्याचसाठी.

जर्मानिक घराण्यातले शब्द अधिक साधे आणि अंगाला चिखल लागलेले आहेत. ‘स्लम्प’ हे क्रियापद सतराव्या शतकात दलदलीत पाय रुतून एकदम खाली जाण्यासाठी वापरत. बाजाराच्या भाषेत ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले, आणि १९३०च्या दशकातल्या महामंदीला ब्रिटिश लोक ‘स्लम्प’च म्हणत. शब्द चपखल होता. दलदलीत माणूस आपटत नाही, रुततो; हाड मोडत नाही, पण पाय काढता येत नाही. ‘क्रॅश’ याच्या अगदी उलट. तो आवाजावरून घडलेला शब्द, काहीतरी फुटल्याचा. व्यापारातल्या पडझडीसाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे, म्हणजे विमानाच्या शंभर वर्षे आधीपासून. आज मात्र ‘क्रॅश’ म्हटले की आधी विमान आठवते किंवा संगणक.

विमानाने इंग्रजीला पडण्याचे नवे शब्द दिले, आणि त्यांतला ‘टेलस्पिन’ सर्वांत शिकवून जाणारा आहे. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला आणि तोल बिघडला की ते गिरक्या घेत खाली येते. सुरुवातीच्या वर्षांत यातून वैमानिक सहसा वाचत नसत. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधल्या सॉल्सबरी पठारावर विल्फ्रेड पार्क या नौदलाच्या वैमानिकाचे ॲव्हरो विमान असेच गिरक्या घेऊ लागले. सुचले ते सारे करून झाल्यावर, जमीन अगदी जवळ आलेली असताना, त्याने सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला पूर्ण दाबले आणि विमान सावरले. खालून पाहणाऱ्या जाणकारांनी ते टिपून ठेवले. पुढे १९१७ मध्ये फार्नबरो येथे फ्रेडरिक लिंडेमन या शास्त्रज्ञाने स्वतः विमान मुद्दाम गिरकीत घालून मोजमापे घेतली. गिरकीतून बाहेर येण्याची रीत शिकवता येते हे ठरले आणि ती वैमानिकांच्या शिक्षणाचा भाग झाली. ‘टेलस्पिन’ हा शब्द बातम्यांत रूढ झाला तो यानंतर; आणि बातम्यांत त्याचा अर्थ होतो ‘आता काही खरे नाही’. ज्या पडण्यावर उपाय सापडला होता, त्याचेच नाव उपाय नसलेल्या पडण्याला मिळाले.

आता ‘टँक’. बाजार ‘टँक’ झाला, सिनेमा ‘टँक’ झाला, असे आज सर्रास लिहितात. रणगाड्याशी याचा संबंध नाही. अमेरिकेत पोहण्याच्या हौदाला ‘टँक’ म्हणत आणि मुष्टियुद्धात पैसे घेऊन मुद्दाम हरणाऱ्या खेळाडूबद्दल तो ‘टँकमध्ये गेला’ असे म्हणू लागले. हौदात सूर मारावा तसा तो जमिनीवर पडतो म्हणून. टेनिसमध्ये जीव न ओतता सामना सोडून देण्याला १९७०च्या दशकात ‘टँकिंग’ म्हणू लागले. तिथून तो शब्द बाजारात आला. पण पाणी साठवण्याच्या अर्थाचा ‘टँक’ इंग्रजीत आला कुठून? सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या युरोपियनांच्या लिखाणातून, आणि कोशकार त्याच्या मागे गुजराती ‘टांकू’ आणि मराठी ‘टाके’ दाखवतात. हा शब्द पोर्तुगीज ‘टांके’वरून आला आणि त्याचे मूळ पाणी अडवण्याच्या पोर्तुगीज क्रियापदात आहे, असा दुसरा पक्ष आहे. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले असावेत, हे मला अधिक पटते. तसे असेल तर शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांना जो शब्द आपण लावतो त्याचा अंश न्यूयॉर्कच्या बाजारभावाच्या बातमीत रोज छापला जातो. तरीही यातले महत्त्वाचे वेगळेच आहे. मुष्टियुद्धातल्या ‘टँक’मध्ये पडणारा मुद्दाम पडे आणि त्याला कोणीतरी पैसे दिलेले असत. हा आरोपाचा शब्द होता. बाजारात येताच त्यातला आरोप गळाला आणि फक्त पडणे उरले.

बाकीच्यांचा निकाल पटकन लावता येतो. ‘डिबाकल’ हा फ्रेंच शब्द नदीवरचा गोठलेला बर्फ फुटून पाण्याचा लोंढा सुटण्याचा. ‘क्रेटर’ म्हणजे ग्रीकांचे द्राक्षमद्य आणि पाणी एकत्र करण्याचे मोठे भांडे, मग ज्वालामुखीचे तोंड, मग बॉम्बने पडलेला खड्डा, आणि अलीकडे क्रियापद. ‘मेल्टडाउन’ आधी आइस्क्रीमच्या धंद्यात होता, १९५०च्या दशकात अणुभट्टीत गेला, मार्च १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडची दुर्घटना झाली तेव्हा घरोघरी पोचला, आणि १९८७च्या त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क शेअर बाजाराचे प्रमुख जॉन फेलन यांनी पत्रकारांसमोर तो बाजारासाठी वापरला. पडझडीनंतरच्या फसव्या उसळीलाही इंग्रजीत नाव आहे : ‘डेड कॅट बाउन्स’. १९८५ मध्ये सिंगापूर आणि मलेशियाच्या बाजारांबद्दल लिहिताना ते छापले गेले. उंचावरून पडले तर मेलेले मांजरही थोडे उसळते, हा त्यामागचा विचार. हा शब्द मला क्रूर वाटतो, पण तो खरे बोलतो.

शेअर बाजाराच्या एका दिवसाचे हे झाले. साऱ्या अर्थव्यवस्थेच्या घसरणीला नाव देण्याचा इतिहास याहून गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी दोन शब्द होते, ‘मेनिया’ आणि ‘पॅनिक’. चढणीला पहिला, उतरणीला दुसरा. दोन्ही माणसाच्या मनाचे. पॅनिक हा ग्रीकांच्या पॅन या रानदेवाने अंगात भरवलेला, कळपाला उधळून लावणारा धसका. अमेरिकेच्या इतिहासात १८१९, १८३७, १८५७, १८७३, १८९३ आणि १९०७ ही सारी पॅनिकची वर्षे. बँकेवरचा ‘रन’ हाही त्याच जातीचा शब्द : माणसे खरोखर धावत जातात, रांग लावतात. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेपुढे अशा रांगा लागल्या तेव्हा ब्रिटनला १८६६ची आठवण झाली, कारण त्या वर्षी लंडनची ओव्हरेंड गर्नी पेढी बुडाली होती.

त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईनेही हे भोगले होते. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवण्याच्या कंपन्या, बँका, वित्तसंस्था निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या शब्दावर शहर चालत होते. ९ एप्रिल १८६५ला अमेरिकेतल्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, कापसाचे भाव उतरले, आणि १ जुलै १८६५ला वायद्यांचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा देणेकरी देऊ शकले नाहीत. बँक ऑफ बॉम्बे त्यात गेली आणि १८६८ मध्ये त्या नावाची नवी बँक उभी करावी लागली. दिनशा वाच्छा यांनी १९१० साली या प्रकरणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ‘शेअर मेनिया’ या नावाने इतिहासात हे प्रकरण राहिले आणि ते नाव प्रामाणिक आहे. त्यात माणसे आहेत, त्यांची हाव आहे, त्यांचा धसका आहे.

१९२९ नंतर हे बदलले. अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांना ‘पॅनिक’ आणि ‘क्रायसिस’ नको होते. ‘डिप्रेशन’ हा शब्द त्यांनी वापरात ठेवला तो सौम्य म्हणून, असे सांगितले जाते. शब्द नवा नव्हता. १८७३ नंतरच्या लांबलेल्या पडत्या काळाला ब्रिटनमध्ये ‘ग्रेट डिप्रेशन’ म्हणत. पुढे ते नाव १९३०च्या दशकाने घेतले आणि जुन्या काळाला ‘लाँग डिप्रेशन’ हे नाव उरले. डिप्रेशन म्हणजे दाबल्यामुळे पडलेला खळगा. नकाशावर असावा तसा. त्याला घाबरणारे कोणी नाही आणि तो कोणी पाडलेलाही नाही. पण अमेरिकेत चारांतला एक कामकरी बेकार झाल्यावर तो सौम्य शब्दच भयंकर झाला. म्हणून १९३७ मध्ये अर्थव्यवस्था पुन्हा घसरली तेव्हा ‘रिसेशन’ पुढे आला, म्हणजे नुसते मागे सरणे. अर्थशास्त्रज्ञ गॅलब्रेथ यांनी ही साखळी फार पूर्वी दाखवून दिली आहे : प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या घाबरवणाऱ्या शब्दाऐवजी मऊ शब्द आणते आणि काही वर्षांत वास्तव त्या मऊ शब्दालाही काटे फोडते.

या साखळीतला एक प्रसंग आल्फ्रेड कान यांचा. १९७८ मध्ये ते अध्यक्ष कार्टर यांचे महागाईविषयक सल्लागार होते. महागाई आवरली नाही तर डिप्रेशन येईल असे ते जाहीरपणे बोलले आणि व्हाइट हाउसने त्यांना तो शब्द पुन्हा न वापरण्याची समज दिली. मग त्यांनी डिप्रेशनच्या जागी ‘बनाना’ म्हणायला सुरुवात केली. केळीचा व्यापार करणाऱ्या कंपनीने तक्रार केल्यावर त्यांनी ‘कमक्वाट’ या दुसऱ्या फळाचे नाव घेतले. विक्षिप्तपणा म्हणून हा किस्सा सांगितला जातो. मला त्यात एका सरकारी अर्थतज्ज्ञाची सचोटी दिसते. शब्दावर बंदी आली तरी त्या मागची गोष्ट लोकांपासून लपवायची नाही, असे त्यांनी ठरवले होते.

नंतरच्या काळात शब्दांना आकड्यांचे कुंपण घातले गेले. सलग दोन तिमाही उत्पन्न घटले की रिसेशन, ही रूढ व्याख्या ज्युलियस शिस्किन यांच्या १९७४च्या एका लेखावरून पसरली. अमेरिकेत मंदीचा अधिकृत निवाडा करणारी नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था ती तशीच्या तशी मानत नाही. घट किती खोल, किती पसरलेली आणि किती काळ टिकली हे ती एकत्र पाहते, आणि म्हणूनच २०२० मधल्या फेब्रुवारीतल्या शिखरापासून एप्रिलमधल्या तळापर्यंतच्या दोनच महिन्यांना तिने रिसेशन ठरवले. आपल्याकडे एप्रिल-जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले, पुढच्या तिमाहीतही घट राहिली आणि ‘तांत्रिक मंदी’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत आला. गावाकडे चालत निघालेल्या मजुराच्या लेखी त्यात तांत्रिक काय होते?

बाजारासाठीही असेच कुंपण आहे. अलीकडच्या शिखरापासून दहा टक्के खाली म्हणजे ‘करेक्शन’, वीस टक्के खाली म्हणजे ‘बेअर मार्केट’. बेअर म्हणजे अस्वल. शिकार होण्याआधीच अस्वलाचे कातडे विकणाऱ्याच्या म्हणीवरून तो शब्द अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या बाजारात आला. दलाल स्ट्रीटवर तेजीवाले आणि मंदीवाले म्हणतात, तेही माणसांबद्दलच. ‘करेक्शन’ हा मात्र मला या साऱ्या यादीतला सर्वांत आक्षेपार्ह शब्द वाटतो. तो घसरणीचे वर्णन करत नाही, तिचे समर्थन करतो. आधीचा भाव चूक होता, आताचा बरोबर आहे, हा निकाल त्यात आधीच दिलेला आहे. आणि हा निकाल देणारा कोण, हे त्या शब्दातून कळत नाही.

मथळ्यातल्या शब्दांची खरी कसोटी काळ घेतो. १९२९च्या २८ आणि २९ ऑक्टोबरला डाऊ जोन्स अनुक्रमे १२.८ आणि ११.७ टक्क्यांनी पडला. ‘ग्रेट क्रॅश’ म्हणून जग ओळखते ते हे दिवस. पण निर्देशांक नोव्हेंबरात १९८ पर्यंत उतरून एप्रिल १९३०ला २९४ वर परत आला होता. खरा विध्वंस त्यानंतरचा. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१ वर होता. ३ सप्टेंबर १९२९च्या ३८१ या शिखरापासून ८९ टक्के खाली. तिथून पूर्वीच्या जागी यायला निर्देशांक सव्वानऊ पट व्हावा लागतो आणि तसे व्हायला नोव्हेंबर १९५४ उजाडले. १९८७चा क्रॅश एका दिवसाने पाहिला तर १९२९च्या कुठल्याही दिवसापेक्षा मोठा; तो दोन वर्षांच्या आत भरून निघाला. ६ मे २०१०च्या ‘फ्लॅश क्रॅश’मध्ये निर्देशांक काही मिनिटांत जवळपास हजार अंक खाली जाऊन बराचसा वर आला, सारे प्रकरण ३६ मिनिटांचे. पाव शतक, दोन वर्षे, अर्धा तास : तिन्हींना ‘क्रॅश’. हा शब्द आवाजावरून झालेला आहे, आणि आवाज तेवढाच तो मोजतो. १९३० ते १९३२ या काळातल्या रोजच्या, बिनआवाजाच्या झिजेला इंग्रजीत त्याच्या तोडीचा शब्द नाही. शेते आणि घरे मात्र लोकांची गेली ती त्या झिजेत.

भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८०च्या आपल्या पुस्तकात इंग्रजी बोलणारे ‘जास्त’ला वर आणि ‘कमी’ला खाली समजतात हे सविस्तर मांडले. याच्या पुढचे पाऊल मायकेल मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये टाकले. त्यांनी बाजाराच्या दैनंदिन समालोचनाचा अभ्यास केला. बाजार चढतो तेव्हा समालोचक त्याला जिवंत प्राण्याची क्रियापदे लावतात : तो चढला, झेपावला, झगडला. उतरतो तेव्हा निर्जीव वस्तूची : पडला, आपटला, गडगडला. आणि सजीव क्रियापदे ऐकणाऱ्यांना तो कल पुढेही चालू राहील असे अधिक वाटते. चढणीला इच्छा असते, उतरणीला फक्त गुरुत्वाकर्षण. शिशाच्या गोळ्यावरून आलेले शब्द उतरणीसाठीच का राहिले, याचे उत्तर यात आहे.

पैशाच्या बाहेर गेले की हेच शब्द पुन्हा शिस्तीत वागतात. प्रतिजैविके येण्यापूर्वी न्यूमोनियाचा ताप साधारण आठवडाभर चढलेला राहून काही तासांत घामासरशी उतरे. वैद्यकात त्याला ‘क्रायसिस’ म्हणत. विषमज्वराचा ताप दिवसेंदिवस थोडाथोडा उतरे; तो ‘लायसिस’. ग्रीकमध्ये ‘क्रायसिस’ म्हणजे निर्णय, रोग कुठल्या बाजूला झुकणार याचा. इथे एकदम घसरणे हे बहुधा सुटकेचे लक्षण होते. मत्स्यशास्त्रात पकड ऐतिहासिक उच्चांकाच्या दहा टक्क्यांखाली गेली की तो साठा ‘कोलॅप्स’ झाला असे मानण्याची एक रीत आहे. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचे तेच झाले. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने मासेमारी बंद केली आणि सुमारे तीस हजार लोकांचे काम गेले.

भारतातले उदाहरण गिधाडांचे. पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडे कमी होताना पाहिली आणि २००३ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘कॅटस्ट्रॉफिक कोलॅप्स’ हे शब्द घातले. हे वाढवून सांगणे नव्हते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणाऱ्या लांब चोचीच्या गिधाडांचीही अवस्था त्याला लागूनच. कारण सापडायला २००४ उजाडले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. त्याचा गुरांसाठीचा वापर २००६ मध्ये बंद करण्यात आला. एवढे मोठे पतन पंधरा वर्षे चालले, पण त्यात मथळ्याजोगा एकही दिवस नव्हता. शास्त्रज्ञांनी मोठा शब्द निवडला आणि त्याबरोबर मोजणीही दिली. कर्ता शोधला, तोही दाखवला. अर्थपानाने शिकावे ते यांच्याकडून.

मराठी अर्थपानाकडे शब्द आहेत. उतरणे, घसरणे, ढासळणे, गडगडणे, आपटणे, कोसळणे, बुडणे : यांच्यात उंची आणि वेगाची चढती श्रेणी कानाला स्पष्ट ऐकू येते. अडचण अशी की रोजच्या अर्ध्या-पाऊण टक्क्यालाही ‘कोसळला’ छापले जाते. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक खाली आला आणि सकाळीच ४५ मिनिटे व्यवहार थांबवावे लागले, तेव्हा त्या दिवसासाठी वेगळे क्रियापद शिल्लक नव्हते. व्यवहार थांबवण्याची पहिली पायरी सेबीने दहा टक्क्यांवर ठेवली आहे. ‘कोसळला’ हे क्रियापद त्या पायरीसाठी राखून ठेवावे, असे मी सुचवीन. आणि अंकांआधी टक्के छापावेत. ‘मंदी’ची ओढाताणही थांबवायला हवी. शेअर बाजाराची मंदी, मालाला उठाव नसल्याची मंदी आणि देशाच्या उत्पन्नातली घट या तीन गोष्टींना आपण एकच नाव देतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की सेन्सेक्स उतरला म्हणजे नोकऱ्या गेल्याच.

मराठीजवळ आणखी एक गोष्ट आहे आणि ती अर्थपानावर कमी, बाजार समितीत जास्त ऐकू येते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३च्या पहिल्या पंधरवड्यात कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. लासलगावला आणि नाशिक जिल्ह्यातल्या इतर बाजारांत भाव उतरले, शेतकऱ्यांनी रस्ते अडवले. इंग्रजी बातम्यांत भाव ‘क्रॅश’ झाले. शेतकरी म्हणत होते, भाव ‘पाडले’. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांतल्या एका कान्याच्या फरकात कर्ता उभा राहतो. इंग्रजीतही अशी जोडी होती आणि आहे : ‘फॉल’चे प्रयोजक रूप ‘फेल’, झाड तोडून पाडणे या अर्थाचे. पण ते झाडापुरते आणि कुस्तीतल्या प्रतिस्पर्ध्यापुरते उरले. सरकारने किंवा व्यापाऱ्याने भाव ‘फेल’ केला असे इंग्रजी बातमी लिहीत नाही. ‘पाडले’ लिहायचे तर बातमीदाराला आदेशाची तारीख, आवक किती होती, कोणत्या आडत्याने किती बोली लावली आणि आदल्या दिवशीचा क्विंटलचा भाव काय होता हे सगळे मिळवावे लागते. नाही मिळाले तर ‘पडले’ लिहावे. निर्यातबंदीच्या त्या प्रकरणात आदेश सरकारी होता, तारीख छापील होती आणि भावाच्या नोंदी बाजार समितीच्या वहीत होत्या.